कमरेची धास्ती



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी मला पाचवी ते सातवी गणित शिकवलं. पुढे मी अस्थिरोगतज्ज्ञ होऊन याच गावात परत आलो आणि १९८८ च्या पावसाळ्यात गुरुजी माझे पेशंट झाले. पाण्याची घागर उचलताना कमरेत उसण भरली होती. दोघांच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्याच्या पायऱ्या चढले. मी तपासलं. पायांत जोर होता, लघवी-संडासची तक्रार नव्हती, एक्स-रेमध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला शोभेल एवढीच झीज होती. मी त्यांना सहा आठवडे पडून राहायला सांगितलं. लाकडी फळीवर पातळ गादी, पायाला वजन, उठायचं ते फक्त शौचाला. आणि पुढे जन्मभर वाकायचं नाही; घागर तर सोडाच, खाली ठेवलेला तांब्यासुद्धा उचलायचा नाही.

गुरुजींनी ती सूचना वर्गातल्या शिस्तीनं पाळली. रोज पहाटे घाटापासून पुलापर्यंत चालत जाऊन परत येणारा हा माणूस सहा आठवड्यांनी उठला तेव्हा मांड्या उतरल्या होत्या आणि धोतर सैल झालं होतं. उसण बहुधा तिसऱ्या आठवड्यातच गेली होती. धास्ती गेली नाही. त्यानंतरची चौदा वर्षं त्यांनी देवपूजा खुर्चीत बसून केली. पंगतीला मांडी घालून बसले नाहीत, नातवंडांना उचलून घेतलं नाही, घाटावर पुन्हा गेले नाहीत. त्या काळी बहुतेक सगळे डॉक्टर हेच सांगत, आम्ही शिकलो त्या पुस्तकांत हेच होतं. पण गुरुजींना सांगणारा मी होतो. आज बोलायला हाच विषय मी मागून घेतला तो त्यासाठी.

खरं तर उत्तर तेव्हाच बाहेर येऊ लागलं होतं. अमेरिकेतल्या रिचर्ड डेयो यांनी १९८६ मध्ये कंबरदुखीच्या काही पेशंटना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगून पाहिली. सात दिवसवाल्यांच्या पदरात जास्तीचं काही पडलं नाही, त्यांचे कामाचे दिवस तेवढे अधिक बुडाले. तो निबंध माझ्यापर्यंत पोचला नव्हता. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर अशीच पाहणी झाली. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि बाकीच्यांना सांगितलं, झेपतील तशी रोजची कामं करत राहा. सर्वांत लवकर सावरले ते शेवटचे. एवढी साधी गोष्ट कळायला वैद्यकशास्त्राला विसावं शतक सरत यावं लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी माणसांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत जगभर कंबरदुखीचा नंबर पहिला लागतो. आता या सभागृहाकडे बघा. तीन तरी पट्टे मला इथूनच दिसताहेत.

दवाखान्यात रोज कानावर पडणारे शब्द तुम्हीही ऐकले असतील. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘नस दबली’, ‘पाचवा मणका गेलाय’. या शब्दांचा त्रास मूळ दुखण्यापेक्षा जास्त होतो, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. मणक्यांमधली गादी साबणाच्या वडीसारखी घसरू शकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती तंतूंनी घट्ट जखडलेली असते. ती जिवंत असते, रात्री पाणी शोषते आणि दिवसा दाबाखाली ते थोडं सोडते. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. कधी तिच्या कडेला चीर पडून आतला गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. मग पायात कळ उतरते, तिला आपण सायटिका म्हणतो, वैद्य गृध्रसी म्हणतात. पण बाहेर आलेला हा गर शरीर बहुतेक वेळा काही महिन्यांत स्वतःच शोषून घेतं, आणि तुकडा मोठा असेल तर शोषला जाण्याची शक्यता अधिकच. ही माहिती मी पेशंटला देतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. गोळीनं एवढ्या लवकर उतरत नाही.

गादीवर एवढा संशय आला कुठून? बॉस्टनमध्ये मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की फाटलेल्या गादीचा तुकडा नसेवर दाबला गेल्यानं पाय दुखतो आणि तो काढला की पेशंट बरा होतो. शोध खरा होता, थोड्या पेशंटसाठी आजही मोलाचा आहे. मात्र त्यानंतर सगळ्या कंबरदुख्या आम्ही त्याच एका खुंटीला टांगल्या. मग एमआरआय आला आणि खुंट्याच खुंट्या दिसायला लागल्या. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या २०१५ मध्ये एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के निरोगी लोकांच्या गादीत झीज निघाली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. चाळिशी लागली म्हणून कोणी डोळे मिटून पडून राहत नाही. गादीची झीज बऱ्याच अंशी त्याच जातीची आहे. कंबरदुखीच्या दर दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत फोटोत बोट ठेवून ‘हेच ते’ असं आम्हाला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या. वय छत्तीस. दारातच त्यांनी एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल सरकवून काढली, खाली बघितलंसुद्धा नाही. टेबलावर पिशवी ठेवली, तीत तीन एमआरआय. दुसरं बाळंतपण सिझेरियननं झालं, तेव्हा मणक्यात इंजेक्शन दिलं होतं, तेव्हापासून कंबर गेली, असं त्या म्हणाल्या. ही समजूत घराघरांत आहे. भुलीच्या त्या बारीक सुईची जागा काही दिवस हुळहुळते, पण तिच्यामुळे वर्षानुवर्षं कंबर दुखते असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात, रात्रीची झोप मोडते, मूल सतत एकाच कडेवर असतं. दुखायला एवढी कारणं पुरतात. कुणीतरी त्यांना ‘वाकू नका’ असं सांगितलं होतं आणि सहा वर्षं त्या वाकल्या नव्हत्या. केर जाऊ काढायची, आणि त्यावरून घरात शब्दाला शब्द लागायचा.

मी म्हटलं, “ताई, खाटेवर चढून पाय लांब करून बसा.” त्या बसल्या. “हात गुडघ्यांवर ठेवा. आता थोडे पुढे न्या.” बोटं नडगीच्या मध्यापर्यंत गेली. मग मी म्हटलं, “उभं राहून हात जमिनीकडे नेताना कंबर वाकते ती अशीच. तुम्ही आत्ता काटकोनात वाकलेल्या आहात.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. तिसऱ्या खेपेला तपासून झाल्यावर दाराशी गेल्या आणि खाली वाकून हातानं चप्पल सरळ करून घातली. दुखणं तेव्हाही थोडं होतंच. पण त्या दिवसापासून घरचा केर त्या काढू लागल्या.

आता खुब्याबद्दल, कारण इथे आम्ही डॉक्टर मंडळी फार चुकतो. ‘कंबर दुखते’ म्हणताना माणसाचा हात कुठे जातो ते बघायला हवं. हात मागे, पट्ट्याच्या ओळीत किंवा पँटच्या मागच्या खिशावर गेला तर दुखणं बहुधा पाठीचं किंवा माकडहाडाच्या वरच्या सांध्याचं. कुल्ह्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर गेला आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर तिथल्या स्नायूंच्या दोऱ्या दुखावलेल्या असतात; चाळिशीपुढच्या बायकांत हे बरंच आढळतं आणि कुल्ह्याचे स्नायू हळूहळू बळकट केले की बहुतेकींना आराम पडतो. आणि हात पुढे जांघेत गेला, तर खुब्याचा सांधा तपासलाच पाहिजे.

एक चौतीस वर्षांचा टेम्पोचालक माझ्याकडे आला तो दोन वर्षं कमरेला पट्टा बांधून, वजनं लावून, विजेचे शेक घेऊन. जवळ कमरेचा एमआरआय होता, त्यात थोडी फुगलेली गादी होती, आणि तेवढ्यावर सगळे थांबले होते. मी विचारलं, “मांडी घालून बसता येतं?” तो म्हणाला, “दीड वर्ष झालं साहेब, जेवायलाही पाटावर बसलो नाही.” “पायाची नखं कोण कापतं?” त्यानं मान खाली घातली. बायको कापायची. त्याला उताणं झोपवलं, गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेऊन मांडी आतल्या बाजूला वळवली. बोटभर फिरली आणि तो ओरडला. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं, पैसे लागत नाहीत. ओटीपोटाच्या एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे गोळे रक्तपुरवठा तुटून खचलेले दिसले. दारू, स्टेरॉइडचे जास्त किंवा लांबलेले डोस, आणि विदर्भात व नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलचा आजार ही याची मोठी कारणं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांत असे खुबे आढळल्याच्या नोंदी २०२१ मध्ये मुंबईतून झाल्या. गावोगावी सांधेदुखीवर ज्या निनावी पुड्या मिळतात त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून आठ दिवसांत चमत्कार वाटतो. त्या पुड्या घेऊ नका, घरात कोणी घेत असेल तर थांबवा; मात्र महिनोन्महिने घेत असेल तर एकदम न तोडता डॉक्टरांना दाखवून मगच. गोळा खचायच्या आधी आजार पकडला तर सांधा वाचवण्याची संधी असते. खचल्यावरही वाट बंद होत नाही. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये बसवलेल्या कृत्रिम खुब्याचा वारसा आज तालुक्याच्या गावापर्यंत आला आहे. तो टेम्पोचालक पुन्हा गाडी चालवतो.

काही लक्षणं मात्र अंगावर काढायची नाहीत. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघांमधली सायकलच्या सीटला टेकणारी जागा बधिर झाली, पायातला जोर कमी होत चालला, तर सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जायचं. तिथे तासांचा हिशेब असतो. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ शोधावी लागते. मणक्याच्या क्षयाचं वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केलं, आणि आपल्या देशात तो आजही आहे. औषधं पूर्ण घेतली तर बरा होतो. वयस्क बाईची कंबर नुसत्या घसरण्यानं किंवा गाडीच्या हिसक्यानं एकाएकी धरली तर विरळ झालेला मणका चेपला असण्याची शक्यता असते. आणि विशी-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठते, हालचालीनं सुटते, पडून राहिल्यावर वाढते, तर तो अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. त्याला गाठायला आपल्याकडे वर्षं जातात, आणि तीच वर्षं औषधांची असतात.

हे सगळं वगळल्यावर उरतो तो मोठा घोळका. तीन महिन्यांपुढे कंबर दुखतेय, फोटोत फारसं काही नाही, आणि घरचे म्हणू लागलेत की मनाचे खेळ आहेत. तसं म्हणू नका. ते दुखणं खरं असतं. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत वाढू शकतो आणि अडवलाही जाऊ शकतो. त्यापुढच्या संशोधनातून कळलं की एकाच वाटेनं रोज संदेश गेले की ती वाट मळते. मग पूर्वी जिथे काही जाणवलं नसतं तिथे थोडासा ताणही पुरतो. अपुरी झोप, काळजी, घरातली कटकट, नोकरीतली घुसमट यांनी ती वाट रुंदावते. अमेरिकेतल्या बोइंग विमान कारखान्याच्या ३,०२० कामगारांची पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना आपलं काम कधी फारसं आवडत नव्हतं त्यांनी पाठीच्या इजेची तक्रार करण्याचं प्रमाण इतरांच्या अडीचपट निघालं. ते खोटं बोलत होते असा अर्थ कृपा करून काढू नका. माणसाची पाठ त्याच्या आयुष्यापासून वेगळी काढून तपासता येत नाही, हे त्यातून घ्यायचं.

आणि आयुष्य म्हटलं की मला ऊसतोडीच्या बायका दिसतात. माझ्या दवाखान्यात त्या हंगाम संपल्यावर येतात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवसभर ओणवं राहून तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायचं. अंगावर उचल घेतलेली, खाडा केला तर पैसे कापले जातात. या बाईला मी ‘जड उचलू नका’ असं लिहून द्यायचं? ती कागद घडी करून कमरेला खोचते आणि जाते. कंबर दुखते, पांढरं जातं, पोटात कळ येते म्हणून यातल्या कितीतरी जणी डॉक्टरकडे गेल्या आणि पिशवी काढून आल्या, तिशीच्या आतबाहेर. बीड जिल्ह्यातला हा प्रकार इतका वाढला की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. पिशवी काढल्यावर कंबर दुखायची थांबली, असं मला त्यांच्यातल्या एकीनंही सांगितलेलं नाही. सोबत अंडाशयही काढलं गेलं असेल तर हाडं लवकर विरळ होतात, म्हणजे कमरेचं नवंच दुखणं मागे लागतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये शिफारस केली होती की पुरुषाला एका वेळी ५५ किलोहून जास्त ओझं उचलायला लावू नये आणि बाईचं ओझं त्याहून बरंच कमी असावं. आपल्या फडांत मोळीचं वजन कोण करतं? लहान मोळी, चढवायला यंत्र, कामात हक्काची विश्रांती, प्यायला पाणी आणि आडोसा, हा त्यांच्या कमरेचा उपचार आहे. तो माझ्या हातात नाही, कारखान्यांच्या आणि सरकारच्या हातात आहे. समोर बसलेल्या संचालक मंडळींनी हे मनावर घ्यावं.

उपचारांत नवल वाटावं असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पेशंटला नीट समजावून सांगणं, व्यायाम, मालिश आणि हातांनी केलेले काही उपचार, भीती आणि चिंतेवर समुपदेशन, गरजेपुरत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या, याच्या बाजूनं त्या आहेत. कमरेचे पट्टे, वजनं लावणं आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या यांच्या विरोधात आहेत. शेकानं बरं वाटतं, जरूर शेका. पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतल्यावर उसण गेली असं माझी आजी सांगे; उसण तशीही चार-आठ दिवसांत जातेच, आणि आजी पाय लावून घेतल्यावर लगेच कामाला लागायची, हे मला त्यातलं खरं औषध वाटतं. शस्त्रक्रिया मी आजही करतो. पायातली कळ आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जोर जात असेल, तर ती उपकारक ठरते. नुसत्या कमरेच्या दुखण्यासाठी मणके जोडून घ्यायला कोणी सांगितलं तर आणखी दोन डॉक्टरांना विचारा.

ऑस्ट्रेलियात झालेला चालण्याचा एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं हळूहळू चालणं वाढवायला लावलं, आठवड्यातून पाच वेळा अर्ध्या तासापर्यंत. न चालणाऱ्या गटात दुखणं परत यायला मधल्या माणसाला ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारी दुसरी गोष्ट माझ्या कपाटात नाही. पोहणं, योगासनं, सूर्यनमस्कार, काहीही चालेल. जे तुम्ही सहा महिने करत राहाल ते तुमच्यासाठी उत्तम. फक्त एक चूक टाळा. बरं वाटलं की आपण चार दिवसांचं काम एका दिवसात उरकतो, दिवाळीच्या आधी माळा एका दुपारी रिकामा करतो, आणि मग आठ दिवस पडून राहतो. आज दहा मिनिटं चाललात तर पुढच्या आठवड्यात बारा चाला, दुखलं तरी दहा, छान वाटलं तरी बाराच. मधूनच कंबर पुन्हा धरेल. त्याचा अर्थ काही तुटलं असा नाही. एक-दोन दिवस कमी करा, शेक घ्या आणि परत वाटेला लागा.

सभागृहात डॉक्टर बरेच आहेत, त्यांना एक विनंती. रिपोर्टवरचे शब्द पेशंटला वाचून दाखवण्याआधी ते त्याच्या घरी जाऊन काय करतील याचा विचार करा. आपण मिनिटभरात बोलून जातो, तो ते वर्षानुवर्षं पाळतो.

घाटापासून पुलापर्यंत गुरुजींची वाट अजून आहे. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं लागतात, मध्ये बसायला दोन पार आहेत. उद्या सकाळी सहा वाजता मी घाटावर येणार आहे आणि पुढेही रोज येत जाईन. ज्यांची कंबर दुखते त्यांनी यावं. पहिल्या दिवशी पहिल्या पारापर्यंतच जाऊ. पट्टे घरी ठेवून या.